केविन पीटरसन पोरांना कसा शिकवायचा: बॅटिंग आधी, भांडणं नंतर, पण दोन्ही शिकवायची

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी जे कोणी पोरांना क्रिकेट शिकवायलेत, झेडपीच्या शाळेच्या मैदानावर मॅटिंग टाकून, शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बॅट्समन एकच घ्यायचा, इंग्लंडचा केविन पीटरसन. कामून हाच? तर फिरकी खेळता येत नसली तर ती कशी शिकायची, आपला मुलूख सोडून दुसऱ्या ठिकाणी नाव कमवायचं म्हणजे काय काय सोसावं लागतं, आणि रन होत असतानासुद्धा टीममधल्या लोकांशी पटेनासं झालं की काय होतं, हे सगळं एकाच माणसाच्या करिअरमध्ये सापडतं. आताच्या पोरांना तो कॉमेंट्री करणारा, हिंदीत ट्वीट करणारा उंचापुरा गोरा माणूस म्हणून माहितीये, त्याची बॅटिंग बऱ्याच जणांनी बघितलेलीच नसते.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्या. नाव सांगितलं की पोरं मोबाईल काढतात आणि पहिल्यांदा समोर येतात ती भांडणं, मेसेजचं प्रकरण, टीममधून काढलं ते. तिथून सुरुवात केली की संपलं, मग ती पोरं त्याची बॅटिंग पण त्याच नजरेनं बघतात. म्हणून क्रम सोडू नका, आधी इनिंग, मग वाद. आणि याच्या उलट करणारेही कोच आहेत, वाद अजिबात सांगत नाहीत, फक्त सिक्स दाखवतात, ते पण बरोबर नाही. चौदा-पंधरा वर्षाच्या पोराला खोटा हिरो देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आकडे पाच मिनिटात उरका

फळ्यावर लिहा. जन्म २७ जून १९८०, दक्षिण आफ्रिकेतलं पीटरमॅरित्झबर्ग. आई इंग्लिश, वडील आफ्रिकानेर, म्हणजे डच वंशाचे तिथले गोरे. इंग्लंडकडून १०४ टेस्ट, ८१८१ रन, ॲव्हरेज ४७.२८, शतकं २३. वनडेत ४४४० रन आणि ९ शतकं. शेवटची टेस्ट जानेवारी २०१४, सिडनी. पोरं लगेच सचिन मोठा का हा मोठा सुरू करतात, त्याच्यात वेळ घालवू नका, त्यांना एवढंच विचारा की शेवटच्या सिरीजमध्ये आपल्या टीमकडून सगळ्यात जास्त रन केलेला माणूस तेहतिसाव्या वर्षी टीमबाहेर कसा गेला. उत्तर देऊ नका. प्रश्न फळ्यावर तसाच ठेवा.

अजून एक सांगा, खालच्या नंबरवर बॅटिंगला येणाऱ्या पोरांकडं बघून सांगा. हा माणूस दक्षिण आफ्रिकेत नेटाल प्रांताकडून खेळायचा तेव्हा तो मुळात ऑफस्पिनर होता आणि बॅटिंगला खाली यायचा. आपल्याकडं बाराव्या वर्षीच पोराला तू बॉलर, तू बॅट्समन असे शिक्के मारून टाकतात, त्या शिक्क्याचं काय खरं असतं ते इथं दिसतं.

इनिंग कोणत्या आणि कशा बघायच्या

चार गोष्टी बघायच्या आणि याच क्रमानं. ओव्हल २००५, ॲडलेड २००६, अहमदाबाद २०१२, वानखेडे २०१२. फोर-सिक्सचे तुकडे जोडलेले व्हिडिओ शक्यतो टाळा, त्यात सोडलेला बॉल दिसत नाही आणि शिकायचं तर तिथंच असतं. रात्री डाऊनलोड करून ठेवा, मैदानावर रेंज गेली की पोरं पांगतात. मोबाईलच्या स्क्रीनवर पंधरा पोरं वाकून बघतात त्यापेक्षा शाळेतला टीव्ही मागून घ्या, हेडमास्तर नाही म्हणत नाहीत. बॉलरच्या हातातून बॉल सुटला की व्हिडिओ थांबवा आणि विचारा, टप्पा कुठं पडणार, पुढं जाणार का मागं? मगच चालू करा. सुरुवातीला अंदाज चुकतात, चुकू द्या.

ओव्हलचं थोडक्यात. ॲशेस सिरीज, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची टेस्ट सिरीज, इंग्लंड २-१ नं पुढं, १२ सप्टेंबर २००५, शेवटचा दिवस, मॅच वाचवली की ॲशेस परत, तेही अठरा वर्षांनी. पीटरसनची ही पहिलीच टेस्ट सिरीज. १५ वर असताना ब्रेट लीच्या बॉलिंगवर शेन वॉर्ननं स्लिपमध्ये त्याचा कॅच सोडला, आणि मग त्यानं १५८ केले, ७ सिक्स. पोरांना हे दोन्ही सांगा, धाडस पण आणि सुटलेला कॅच पण. नुसतं धाडस सांगितलं तर उद्या मॅचमध्ये प्रत्येक जण पहिल्या ओव्हरला हुक मारायला जातो.

ॲडलेड २००६ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्धच, पहिल्या इनिंगला परत १५८, कॉलिंगवूडबरोबर ३१० ची पार्टनरशिप, इंग्लंडनं ५५१ वर डिक्लेअर केलं आणि तरी मॅच हरले. दुसऱ्या इनिंगला तो २ वर वॉर्नला स्वीप करायला गेला आणि बॉल पायामागून फिरून स्टंपवर. हा आउट तीनदा दाखवा. एकाच टेस्टमध्ये एकाच माणसाचं इतकं चांगलं आणि इतकं वाईट बघायला मिळणं दुर्मिळ आहे.

आता मुख्य भाग, अहमदाबाद आणि वानखेडे, इथं घाई करू नका. डाव्या हाताच्या फिरकीला पीटरसन कच्चा होता हे सगळ्या जगाला माहीत होतं. लांब ढांग टाकून पुढं जायचा, पाय आधी पडायचा, बॅट नंतर यायची, आणि बॉल फिरला की पॅडच्या बाजूनं वळसा घालून खेळावं लागायचं. युवराजसारखा अधूनमधून बॉलिंग करणारासुद्धा त्याला काढायचा. नोव्हेंबर २०१२ ला अहमदाबादला आपल्या डावखुऱ्या स्पिनर प्रग्यान ओझानं त्याला दोन्ही इनिंगमध्ये बोल्ड केलं, १७ आणि २. बघवत नाही इतका घाबरलेला दिसतो. पुढच्याच टेस्टमध्ये मुंबईला, तोच ओझा, बरोबर अश्विन आणि हरभजन, पिच पहिल्या दिवसापासून फिरायलेलं, आणि तिथं २३३ बॉलमध्ये १८६. दुसऱ्या बाजूला कूकचे १२२, दोघांची २०६ ची पार्टनरशिप. इंग्लंडचा स्पिनर पानेसरनं मॅचमध्ये ११ विकेट घेतल्या, इंग्लंड दहा विकेटनं जिंकलं आणि पुढं सिरीज २-१ नं घेऊन गेलं, भारतात १९८४-८५ नंतर पहिल्यांदा. आपण हरलेली मॅच आहे म्हणून पोरं तोंड वाकडं करतात, करू द्या, पण भारतात येऊन परदेशी माणसानं खेळलेल्या इतक्या चांगल्या इनिंग फार नाहीत.

दोन्ही टेस्टचे व्हिडिओ लागोपाठ लावा आणि पोरांना बॅटकडं नाही, पुढच्या पायाकडं बघायला सांगा. अहमदाबादला पाय कुठं पडतो, वानखेडेला कुठं पडतो. वानखेडेला तो एक तर बॉलच्या टप्प्यापर्यंत पूर्ण पोचतो नाही तर पूर्ण मागं जातो, मधेच अडकून राहत नाही. फुल पडला की कव्हरवरून, ओझाला कव्हरवरून मारलेली ती सिक्स पोरं विसरत नाहीत. आखूड पडला की मागं जाऊन कट नाही तर पुल. हे पोरांनी स्वतः बोलून दाखवलं पाहिजे, तुम्ही सांगू नका.

मग नेटमध्ये काय करायचं

राहुल द्रविड आणि पीटरसन आयपीएलमध्ये आरसीबीत एकत्र होते. द्रविडनं त्याला फिरकी खेळण्यावर एक ईमेल लिहिला होता, त्यातला एक सल्ला आपल्या कामाचा आहे. नेटमध्ये चांगल्या स्पिनरसमोर पॅड न घालता बॅटिंग कर. कारण सोपं आहे, पॅड असलं की मनात कुठंतरी पाय पुढं टाकून बॉल अडवू ही सोय असते, पॅड नसलं की बॅट आपोआप पायाच्या पुढं येते आणि डोळे बॉल सोडत नाहीत.

आपल्याकडं हे असं करा. पहिले काही दिवस टेनिस बॉल, पुढच्या पायाचं पॅड काढायचं, बॉलर फक्त स्पिनर. हेल्मेट आणि गार्ड काढू देऊ नका, कितीही उकडत असलं तरी. मॅटिंगवर बॉल उसळतो जास्त आणि फिरतो पटकन, त्यामुळं सीझन बॉलनं हे करायचं तर बॉलर नाही, कोचनं स्वतः हळू थ्रो करायचा, तोही जरा मोठ्या पोरांना. गावात डावखुरा स्पिनर मिळत नाही ही मोठी अडचण, मग क्रीजच्या कोपऱ्यातून टप्पा पडून बाहेर जाईल असा फिरवून थ्रो करा, नाही तर एखाद्या लेगस्पिनरला लावा. चुन्यानं मॅटिंगच्या कडेला दोन खुणा करा, एकीच्या पुढं पडला तर पाय पुढं, दुसरीच्या मागं पडला तर मागं, आणि मधल्या पट्ट्यात पडला तर मऊ हातानं नुसता थांबवायचा. पोरानं खेळायच्या आधी तोंडानं "पुढं" नाही तर "मागं" ओरडायचं. आवाज उशिरा आला की समजायचं, डोळ्यानं बॉल उशिरा उचलला. पाय हलतोय का नाही ते नंतर बघा, आवाज वेळेवर यायला लागला की पाय बराचसा सुधारतो.

स्विच हिट पोरं मागतातच. जून २००८ मध्ये न्यूझीलंडच्या स्कॉट स्टायरिसला पीटरसननं बॉलर पळत असतानाच उलटं वळून, डावखुरा होऊन दोन सिक्स मारल्या, एवढी बोंबाबोंब झाली की क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीला सांगावं लागलं की हा शॉट नियमात बसतो. नियम पण समजावून सांगा, ऑफ साईड कुठली आणि लेग साईड कुठली हे बॉलर पळायला लागतो तेव्हा बॅट्समन कसा उभा आहे त्यावर ठरतं, नंतर वळला तरी ते बदलत नाही. शॉट शिकवायचा कधी? ज्याला सरळ बॅटनं फिरकी अर्धा तास खेळता येते त्यालाच. बाकीच्यांना सरळ नाही म्हणा.

एक गोष्ट मात्र उचलायची नाही. पहिला रन काढायला तो जीव तोडून पळायचा, नाही तिथं सिंगल घ्यायचा, त्याला नावच पडलं होतं रेड बुल रन. घाबरलेलं पोर हेच करतं.

गाव सोडण्याचा भाग

बीडचे संजय बांगर भारताकडून टेस्ट खेळले, पण रणजी खेळले रेल्वेकडून. औरंगाबादचे इक्बाल सिद्दिकी २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध एक टेस्ट खेळले. बीडच्याच सचिन धसनं २०२४ च्या अंडर नाईन्टीन वर्ल्डकपच्या सेमीफायनलला बेनोनीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ केले. आपल्या पोरांना ही नावं माहीत असतात आणि पुढं खेळायचं तर पुण्याला जावं लागतं हे पण माहीत असतं. म्हणून पीटरसनचं स्थलांतर त्यांना पटकन कळतं. दक्षिण आफ्रिकेचा जुना ऑलराउंडर क्लाइव्ह राइस नॉटिंगहॅमशायरचा कोच होता, त्यानं पीटरसनला २००१ मध्ये काउंटीत, म्हणजे इंग्लंडच्या स्थानिक क्रिकेटमध्ये, आणलं, आणि नियमाप्रमाणे इंग्लंडकडून खेळायला चार वर्षं थांबावं लागलं. चार वर्षं नुसते रन करत राहायचं. मग २००५ च्या सुरुवातीला इंग्लंडची टीम दक्षिण आफ्रिकेत गेली, तिथल्या लोकांनी त्याला शिव्या घातल्या, आणि त्यानं त्या वनडे सिरीजमध्ये तीन शतकं ठोकली, ब्लूमफाँटेन, ईस्ट लंडन आणि सेंच्युरियन.

देश सोडण्याचं कारण त्यानं कोटा पद्धत सांगितलं, म्हणजे टीममध्ये काही जागा गोरे नसलेल्या खेळाडूंसाठी राखून ठेवायच्या, आणि इथं सांभाळून. कोटा म्हटलं की पोरांच्या डोक्यात लगेच आपल्याकडचं आरक्षण येतं, मराठवाड्यात हा विषय घराघरात पेटलेला आहे, आणि मैदानावर सगळ्या समाजाची पोरं असतात. टाळू नका, पण अर्धवट पण सोडू नका. आधी वर्णभेद काय होता ते सांगा, काळ्या माणसाला देशाच्या टीममध्ये जागाच नव्हती, त्यामुळं १९७० पासून दक्षिण आफ्रिका जगातल्या क्रिकेटमधून बाहेर होती आणि परत आली ती नोव्हेंबर १९९१ ला, कोलकात्यात आपल्याविरुद्ध. पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन टेस्ट खेळाडू मखाया एनटिनी, त्याला १९९८ साल उजाडावं लागलं. ज्या नेटालमध्ये आपल्याला संधी नाही असं पीटरसनला वाटलं त्याच नेटालमधून हाशिम आमला पुढं आला. हे सगळं मांडल्यावर पीटरसनचं म्हणणं सांगा. माझं स्पष्ट मत असं की त्याचा राग समजतो, पण ती पद्धत कशामुळं आली हे न सांगता फक्त त्याचा राग सांगणं हा अन्याय आहे.

वादांची वही

आता भांडणं. प्रत्येक पोरानं वहीच्या पानावर मधून एक रेघ मारायची, डावीकडं घडलं ते, उजवीकडं कोण काय म्हणतं ते. हे काम मला बॅटिंगइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण गावातल्या टीममध्ये भांडण झालं की पोरं या दोन्ही गोष्टी एक करून टाकतात आणि मग वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

२००३ चं सोपं आहे, तिथून सुरू करा. नॉटिंगहॅमशायर सोडायचं म्हणाला आणि कॅप्टन जेसन गॅलियननं ट्रेंट ब्रिजच्या बाल्कनीतून त्याची किट खाली फेकली. मग २००९. ऑगस्ट २००८ ला पीटरसन इंग्लंडचा कॅप्टन झाला, पहिल्याच टेस्टला शतक मारून जिंकला, २६/११ च्या हल्ल्यानंतर घरी गेलेली टीम घेऊन परत भारतात टेस्ट खेळायला आला, याचं श्रेय त्याला द्यायलाच पाहिजे. पण कोच पीटर मूर्सशी जमलं नाही, कोच बदला असं त्यानं बोर्डाला सांगितलं, ते पेपरात फुटलं, आणि ७ जानेवारी २००९ ला दोघांचीही पदं गेली. कॅप्टन म्हणून टेस्ट फक्त तीन. पोरांना विचारा, कॅप्टनला कोच पटत नसला तर त्यानं कुणाला आणि कसं सांगायचं? यावर अर्धा तास सहज जातो.

२०१२ चं सगळ्यात अवघड. हेडिंग्लीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४९, जबरदस्त इनिंग, आणि त्याच मॅचनंतर प्रेस कॉन्फरन्समध्ये या ड्रेसिंग रूममध्ये माझं अवघड झालंय अशा अर्थाचं बोलला. मग कळलं की समोरच्या टीममधल्या दोस्तांना मेसेज केले होते, त्यात स्वतःचा कॅप्टन अँड्र्यू स्ट्रॉसबद्दल पण होतं. मेसेज चिथावणीचे होते हे त्यानं मानलं, माफी मागितली, लॉर्ड्सच्या टेस्टमधून बाहेर बसला, आणि स्ट्रॉस त्या टेस्टनंतर रिटायर झाला. त्याच काळात ट्विटरवर पीटरसनची टिंगल करणारं एक खोटं अकाउंट चालू होतं, टीममधल्या काही जणांना त्याच्यात मजा वाटते असं त्याला वाटायचं आणि ते त्याला लागलं होतं. ही दुसरी बाजू पण वहीत आली पाहिजे. पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच चालतं, एकाचा फोटो, त्याच्यावर हसणं, तो गप्प, आणि एक दिवस मॅचला येतच नाही. इथं थांबून आपल्या ग्रुपचं बोला, नावं न घेता. समोरच्या टीमला आतलं काही सांगायचं नाही, आणि आपल्यातल्या कुणाची टिंगल ग्रुपवर करायची नाही, हे दोन नियम पोरांकडूनच लिहून घ्या.

काही वडील येऊन विचारतात, असल्या भांडकुदळ माणसाचं पोरांना कशाला सांगता. त्यांना सांगा की याच माफीनंतर टीमनं त्याला परत घेतलं म्हणून वानखेडेचे १८६ झाले. मेसेज ऑगस्टचे, इनिंग नोव्हेंबरची. तारखा लावून दाखवल्या की बहुतेक जण गप्प ऐकतात.

आता फळ्यावरचा प्रश्न. २०१३-१४ ला ऑस्ट्रेलियात इंग्लंड ५-० हरलं, पीटरसनचे २९४ रन, टीममध्ये सगळ्यात जास्त, आणि ४ फेब्रुवारी २०१४ ला बोर्डानं सांगितलं की आता त्याच्याशिवाय पुढं जायचं. त्या वर्षी त्यानं पुस्तक काढलं, त्यात कोच अँडी फ्लॉवर आणि विकेटकीपर मॅट प्रायरवर कडक टीका केली. हे उजव्या बाजूला. माझ्या मते २०१२ ला चूक त्याची होती आणि २०१४ ला बोर्डाची, कारण एवढ्या मोठ्या खेळाडूला काढायचं तर कारण सगळ्यांसमोर नीट सांगायला पाहिजे होतं.

हे मत पोरांना मात्र आधी सांगायचं नाही. शेवटचं काम म्हणून मे २०१५ द्या. बोर्डाच्या होणाऱ्या चेअरमननं काउंटीत रन केले तर विचार होऊ शकतो असं सुचवल्यावर तो आयपीएल सोडून सरे या काउंटीकडून खेळायला गेला. ११ मे ला ओव्हलवर लेस्टरशायरविरुद्ध दिवसअखेर ३२६ नॉटआउट, आणि त्याच संध्याकाळी बोर्डाचा नवा डायरेक्टर, म्हणजे तोच स्ट्रॉस, त्याला भेटून म्हणाला की विश्वास उरलेला नाही, तुला घेणार नाही. दुसऱ्या दिवशी तो ३५५ नॉटआउट राहिला. परत कधीच इंग्लंडकडून खेळला नाही. २०१८ ला क्रिकेट सोडलं आणि गेंडे वाचवायच्या कामाला लागला, आफ्रिकेत आणि आपल्या आसामात पण.

स्ट्रॉसच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस, एक पान. घरी न्यायचं नाही, मैदानावरच बसून लिहायचं, मोबाईल बॅगेत. वाचताना गप्प बसणाऱ्या पोरांपासून सुरुवात करा, टीमचा सगळ्यात भारी बॅट्समन सगळ्यात शेवटी वाचेल, आणि त्याचं झालं की मग तुमचं मत सांगा.